फवारणी पंपातली वायर सारखी तुटते, काय लावून चिकटवू?

भाऊ, तुम्ही विचारलंय की १२ व्होल्टच्या बॅटरी पंपाची वायर स्विचपाशी आणि चार्जिंग सॉकेटपाशी कितीदा सोल्डर केली तरी तुटतेच, तर फेविक्विक लावू, एम-सील लावू का हॉट ग्लू. माझं मत विचाराल तर तिन्ही नकोत, न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या, म्हणजे वाळल्यावर रबरासारखं मऊ राहणारं आणि वाळताना अ‍ॅसिड न सोडणारं ट्यूबमधलं सिलिकॉन. मी गोकुळ शिरगावला पॅनल वायरिंगच्या कामात आहे आणि आजूबाजूच्या गावातले असले पंप माझ्याकडं येतच असतात, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

आधी वायर तुटते कुठं ते नीट बघा. सोल्डरच्या डागात नाही तुटत, डागाच्या जरा मागं तुटते. सोल्डर वितळलं की ते वायरच्या बारीक तारांमधनं वर चढतं, तेवढा तुकडा कडक होतो आणि पुढची वायर मऊच राहते, मग मोटरची थरथर, पाठीवर घेऊन उसाच्या सरीतनं चालताना बसणारे हिसके, सगळं वाकणं त्या एकाच जागेवर येतं आणि एकेक तार तुटत जाते. म्हणजे डाग पक्का करायचा नाहीये, वायर हलू द्यायची नाहीये. म्हणून गोंद नुसता डागावर थापून उपयोग नाही, मागं प्लास्टिकच्या कव्हरवर निदान सेंटीमीटरभर तरी आला पाहिजे.

फेविक्विक पाण्यासारखं पातळ असतं, ते स्विचच्या आत शिरतं आणि कॉन्टॅक्टवर जाऊन बसतं, मग स्विचच बाद. वायरीत चढलं तर ती आणखी कडक होते, आणि वाळलेलं फेविक्विक ठिसूळ असतंय, थरथरीला टिकत नाही. एम-सील किंवा अराल्डाइट घट्ट धरतं, पण वायर मग त्याच्या कडेला तुटते, आणि पुढच्या वेळी उघडायचं म्हटलं तर फोडूनच काढावं लागतं. हॉट ग्लू घरातल्या रेडिओ-खेळण्यांना चांगला आहे, कंपन्यापण वापरतात, पण साधी ग्लू स्टिक ६०-८० अंशाच्या आसपास मऊ पडते आणि तुमचा पंप एप्रिल-मे मध्ये बांधावर उन्हात पडलेला असणार. आधीचा हॉट ग्लू काढायचा असेल तर कडेनं आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडा, अलगद सुटतो.

आता सिलिकॉन घेताना एक गोष्ट नक्की बघा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते घेऊ नका, बाथरूमच्या आणि काचेच्या कामाच्या स्वस्त ट्यूब बऱ्याचदा तसल्याच असतात. वाळताना त्यातनं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं आणि उघडं तांबं हिरवं पडतं, बंद डब्यात तर जास्तच. ट्यूबवर न्यूट्रल लिहिलंय का बघून घ्या. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं वाळतं, बाहेरनं आत, दिवसाला साधारण २-३ मिलिमीटर, त्यामुळं मोठा गोळा लावला तर आत कच्चाच राहतो. आपल्याकडं पावसाळ्यात त्या मानानं लवकर वाळतं. वाळेपर्यंत झाकण लावू नका आणि पंप सुरू करू नका.

पण यात एक अडचण आहे आणि ती फार जण सांगत नाहीत. पंपाची टाकी, बॉडी बहुतेक पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनची असते आणि त्या प्लास्टिकला सिलिकॉनच काय, कुठलाच साधा गोंद नीट धरत नाही, नखानं निघतो. म्हणून आधी वायर झिप टायनं, म्हणजे ओढून आवळायच्या प्लास्टिकच्या पट्टीनं, स्क्रूच्या खांबाला नाहीतर मोटरच्या पट्टीला बांधा, मग स्विचच्या पायांवर आणि वायरच्या कव्हरवर मिळून सिलिकॉन लावा. खरा भार झिप टायनं घ्यायचा, सिलिकॉन फक्त थरथर जिरवतं आणि औषधाचं पाणी बाहेर ठेवतं. स्विच आणि टायच्या मधे वायर थोडी सैल सोडा, ताणून बांधलीत तर परत तेच.

जाता जाता, जुना अ‍ॅम्प्लिफायर नाहीतर टीव्ही उघडलात आणि बोर्डवर पिवळा गोंद तपकिरी झालेला दिसला तर तो खरवडून काढा. तसला काही गोंद उष्णतेनं जुना झाला की करंट वाहू देतो आणि पार्टचे पाय खातो.

तुमच्या पंपाला जुन्याच वायरीला परत डाग देऊ नका, कडक झालेला तुकडा कापून टाका, जास्त बारीक तारांची मऊ वायर घ्या, डागावर हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवा. आणि सगळं करायच्या आधी बॅटरीची एक वायर काढून ठेवा, लहान दिसली तरी ती बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल होते आणि हात भाजतो.