मीटिंगच्या आधी फोन कर

प्रिय बाळ,
सप्रेम आशीर्वाद.

बोर्डासाठी केलेलं तुझं प्रेझेंटेशन रात्री पाहिलं. पहिल्याच पानावर जीएमव्ही, म्हणजे आलेल्या सगळ्या ऑर्डरींची एकूण किंमत, आणि परत आलेल्या मालाचा आकडा सव्विसाव्या पानावर, तोही बारीक अक्षरात. तू विचारतेस, हा आकडा बोर्डावरच्या इन्व्हेस्टरांना आत्ता सांगू की पुढच्या तिमाहीत जरा सुधारल्यावर? आत्ता. मीटिंगमध्येही नाही, त्याच्या आधी, फोन करून.

मी हीच चूक केली आहे. भिवंडीच्या गोदामात कॅश ऑन डिलिव्हरीचे कुर्ते छतापर्यंत रचले होते. गिऱ्हाइकाने घेतलेच नाहीत, पाकिटांची टेपसुद्धा निघालेली नव्हती. त्याच आठवड्यात मी बोर्डाला ऑर्डरींचा चढता आलेख दाखवला. एका संचालकाने कुरिअरचं बिल मागवलं आणि त्याला सगळं कळलं. पुढे मी खरे आकडे दिले तरी तो ते परत तपासून घ्यायचा.

'इन्व्हेस्टरला मला काढायचंय' असं लिहितेस. कोणत्या इन्व्हेस्टरला? पैसेवाले सगळे एक नसतात गं. 2017 मध्ये सॉफ्टबँक या मोठ्या गुंतवणूकदाराला स्नॅपडील ही ऑनलाइन विक्रीची कंपनी फ्लिपकार्टला विकायची होती. सुरुवातीच्या गुंतवणूकदारांना राजी करण्यात महिने गेले, आणि जुलैअखेर ती बोलणीच संपली. कोणी कोणत्या भावाने शेअर घेतले, यावर त्याची घाई ठरते. म्हणून तुझ्या तिन्ही इन्व्हेस्टरांना वेगवेगळा फोन कर. दिवस एकच, आकडाही एकच.

फंडाने बोर्डावर बसवलेल्या नॉमिनी संचालकाला कंपनी कायद्याचं कलम 166 ऐकवणार म्हणतेस. त्याचं कर्तव्य कंपनीशी आहे, त्याच्या फंडाशी नाही, हे खरंच आहे. पण ते कलम तुलाही लागू आहे. आधी आकडा दे, मग कायदा काढ.

सेलमध्ये तोटा खाऊन माल विकायला मी नकार दिला आणि माझं सीईओपद गेलं. तो नकार बरोबर होता. आजही तेच म्हणेन, हवं तर हट्टी म्हण. दर ऑर्डरीमागे पैसे जात असताना ऑर्डरी वाढवून काय मिळणार होतं? हिशेब माझ्याकडे तयार होता. पण कुर्त्यांच्या प्रकरणानंतर माझ्या हिशेबावर विश्वास ठेवणारं त्या टेबलाभोवती कोणी उरलं नव्हतं. तुझ्या बोर्डाच्या खोलीत असं व्हायला नको, म्हणून एवढा चिडून लिहितोय.

सव्विसावं पान दुसऱ्या क्रमांकावर आण. उद्या दहाच्या आत तिन्ही फोन कर, आणि झाले की मला कळव. मी जागाच असेन.

तुझा,
काका