‘पिके’चा ॲरे जपून बदला

लातूरच्या आडतीसाठी ॲप करताय ना, मग मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये शेतकऱ्याच्या नोंदीतला ‘पिके’ हा ॲरे, म्हणजे पिकांची यादी, आधी नीट हाताळायला शिका. बाकीचं मागाहून येतं.

सगळ्यात घात करणारी चूक म्हणजे फॉर्ममधून अख्खा ॲरे परत लिहिणं. मुनीमानं तूर टाकली आणि त्याच वेळी दुसऱ्यानं हरभरा टाकला, तर शेवटचा सेव्ह आधीची नोंद पुसून टाकतो. म्हणून पीक वाढवायला पुश, काढायला पुल, या मोंगोडीबीच्याच आज्ञा वापरा. एकाच पिकाचे क्विंटल बदलायचे असतील तर शोधताना त्या पिकाची आयडी द्या आणि ‘पिके.$.क्विंटल’ सेट करा. $ म्हणजे जुळलेला पहिला घटक.

आता तपासणी. मोंगूस म्हणजे मोंगोडीबीशी बोलणारी नोडची लायब्ररी. तिच्यातलं अपडेटवन, म्हणजे एक नोंद थेट बदलणारी आज्ञा, स्कीमाचे (नोंदीच्या ठरवलेल्या साच्याचे) नियम आपोआप लावत नाही, ‘रनव्हॅलिडेटर्स’ ट्रू करावं लागतं. ते विसरलात की उणे ५ क्विंटल सोयाबीनही निमूट साठतं. ते लावूनसुद्धा पुश करताना फक्त नवा घटक तपासला जातो. ‘जास्तीत जास्त १० पिके’ हा अख्ख्या ॲरेचा नियम सुटतो. तिथं सरळ फाइंडवननं नोंद आणा, बदल करा, मग सेव्ह करा.

आणि हो, दुबार नोंद टाळायला ॲडटूसेटवर, म्हणजे यादीत नसेल तरच घटक टाकणाऱ्या आज्ञेवर, विसंबू नका. मोंगूस प्रत्येक पिकाला नवी आयडी चिकटवतं, म्हणून तेच सोयाबीन दोनदा बसतं.