श्रीलंकेहून घरी आणायला खरंच पैसे वसूल होतील असं काय घ्यावं?

दालचिनी आणि चहा घ्या, आणि दोन्ही सुपरमार्केटमधूनच, म्हणजे कील्स किंवा कार्गिल्स फूड सिटी. दांबुल्लाहून कँडीला जाताना माताळेच्या आसपास ड्रायव्हर तुम्हाला मसाल्याच्या बागेत नेईल, बाग जरूर बघा पण खरेदी तिथे नको, त्या भावात कमिशन धरलेलं असतं. आमचं मसाल्याचं दुकान आहे म्हणून दालचिनीचं खात्रीने सांगते, आपल्याकडे वाण्याकडे मिळते ती बहुतेक कॅशिया असते, जाड, कडक, एकाच सालीची. सिलोनची खरी दालचिनी म्हणजे पातळ पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले, बोटांनी सहज मोडते, वास गोडसर. अल्बा ग्रेड सगळ्यात बारीक आणि महाग, घरच्या वापराला एवढी लागत नाही, त्याखालची सी५ घेतली तरी पुलावाला, खिरीला मस्त. पावडर नका घेऊ, कांड्याच घ्या, वास जास्त टिकतो. चहाच्या पाकिटावर सिंहाचा लोगो बघा, तो असला की चहा शंभर टक्के सिलोनचा आणि तिथेच पॅक केलेला. फक्त एक, नुवारा एलिया या उंच डोंगराळ भागातला चहा हलका असतो, दूध घालून उकळलात तर काहीच चव लागणार नाही, तो कोराच प्यायचा. आपल्यासारखा कडक दुधाचा चहा हवा असेल तर दक्षिणेकडच्या रुहुणा भागातला बीओपीएफ ग्रेडचा चहा घ्या, बारीक दाण्याचा असतो, रंग पटकन सोडतो.