नदीतलं किरणोत्सर्गी पाणी समुद्रात कसं ओळखतात?

प्रश्न: अणुभट्टीचं पाणी नदीतून समुद्रात गेलं तर एवढ्या अफाट पाण्यात ते कुठवर पोचलं हे शोधतात कसं? मिसळूनच जात असेल ना सगळं? आणि मासळीचं काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: मिसळतं, पण लगेच नाही. नदीचं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर पसरत लांबवर जातं. मला यात अमेरिकेतल्या कोलंबिया नदीचं उदाहरण सगळ्यात जास्त शिकवणारं वाटतं. तिच्या काठावर हॅनफर्डला, म्हणजे नागासाकीच्या बॉम्बचं प्लुटोनियम जिथे बनलं तिथे, आठ रिअ‍ॅक्टर असे होते की नदीचं पाणी आत घ्यायचं, रिअ‍ॅक्टर गार करायचा, आणि थोडा वेळ टाक्यांत ठेवून ते परत नदीतच सोडायचं. पाइप गंजू नयेत म्हणून त्या पाण्यात क्रोमियमचं संयुग टाकायचे, त्यातलं थोडं क्रोमियम न्यूट्रॉन शोषून क्रोमियम-51, म्हणजे किरणोत्सर्गी क्रोमियम व्हायचं, आणि ते विरघळलेलंच राहायचं, त्यामुळे सुमारे 600 किलोमीटर वाहत जाऊन समुद्रातही पाण्याबरोबरच फिरायचं.

1960 च्या दशकात तिथल्याच ओरेगॉन राज्यातल्या शास्त्रज्ञांनी नेमकं हेच पकडलं. नुसता खारटपणा मोजून भागत नाही, कारण पावसाचं आणि दुसऱ्या नद्यांचं पाणीही गोडंच असतं, पण क्रोमियम-51 सापडलं की ते पाणी कोलंबियाचंच. भरपूर समुद्राचं पाणी घ्यायचं, त्यातलं क्रोमियम लोखंडाच्या साक्याबरोबर खाली बसवायचं आणि त्याचे ठराविक ऊर्जेचे गॅमा किरण मोजायचे. त्यावरून दिसलं की उन्हाळ्यात पाणी नैर्ऋत्येला ओरेगॉनसमोर पसरतं आणि हिवाळ्यात उत्तरेला वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याला चिकटून जातं. क्रोमियम-51 ची अर्धायु, म्हणजे निम्मं विरून जायला लागणारा वेळ, जेमतेम 28 दिवस, म्हणजे सापडलं तर ते पाणी ताजंच.

त्याच पाण्यातून येणाऱ्या झिंक-65 चं, म्हणजे किरणोत्सर्गी जस्ताचं वागणं अगदी वेगळं. ते गाळाला चिकटतं आणि जीवांच्या अंगात साठतं, म्हणून नदीच्या मुखाजवळच्या विलापा खाडीतल्या कालवांत ते भरपूर सापडलं. त्यामुळे नुसतं पाणी तपासून मासळी चांगली म्हणणं मला पटत नाही, कालवं आणि गाळ दोन्ही तपासायलाच हवेत.

तसले रिअ‍ॅक्टर 1971 पर्यंत बंद झाले, झिंक-65 ची अर्धायु 244 दिवस, म्हणजे ते केव्हाच संपलं. पण किती काय सोडलं याची कागदपत्रांची 19 हजार पानं लोकांसमोर यायला 1986 उजाडलं, आणि पाणी सोडलं जात होतं तेव्हा लोक तीच मासळी, तीच कालवं खात होते, याचा मला फार राग येतो.