वायरचे नेट सारखे तुटते: ड्रायव्हर चौथ्यांदा टाकण्याआधी

देवगडच्या तुमच्या बागायतीच्या कार्यालयातील संगणकाची जी लक्षणे तुम्ही लिहिली आहेत, ती आधी एकत्र मांडतो. पहिला पाऊस झाल्यापासून केबलने येणारे नेट दर पंधरा-वीस मिनिटांनी तुटते. त्याच राउटरचे वायफाय मोबाइलवर व्यवस्थित चालते. विंडोज ११ च्या नेटवर्क कनेक्शन्सच्या खिडकीत कधी लाल फुली दिसते, कधी ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ असे लिहून येते, आणि दोनदा सकाळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधील जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) नेटवर्क कार्डासमोर पिवळे उद्गारचिन्ह व कोड १० दिसला. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी तीन वेळा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषा प्रोग्राम, काढून पुन्हा टाकला आणि आता ते मदरबोर्ड, म्हणजे संगणकाची मुख्य पाटी, बदलायला सांगत आहेत. मदरबोर्डवर पैसे घालण्याची घाई कृपया करू नका. मी वेंगुर्ल्यात गेली अठरा वर्षे हेच काम करतो आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर ‘ड्रायव्हर गेला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ ड्रायव्हरमध्ये नव्हते, मदरबोर्डमध्ये तर त्याहून क्वचित होते.

तुम्ही सांगितलेली तीन चिन्हे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच तीनदा एकच उपाय झाला. लाल फुली म्हणजे कार्ड जिवंत आहे, ड्रायव्हर त्याच्याशी बोलतो आहे, पण केबलच्या दुसऱ्या टोकाकडून विजेचा संकेत येत नाही. हा दोष केबल, प्लग, सॉकेट किंवा राउटरचे पोर्ट यांपैकी कुठेतरी असतो. ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ आले आणि त्या वेळी संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी पत्ता) १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संकेत पोहोचला आहे, परंतु राउटरकडून पत्ता मिळाला नाही म्हणून विंडोजने स्वतःच एक पत्ता लावून घेतला आहे. डिव्हाइस मॅनेजरमधील पिवळे चिन्ह मात्र खरोखर कार्ड आणि ड्रायव्हर यांच्यामधले आहे: कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण कार्ड सुरू होऊ शकले नाही. तुमच्याकडे लाल फुली रोजची आणि कोड १० दोनदाच, म्हणजे मुख्य आजार फुलीचा आहे. कोड १० चे कारण वेगळे असू शकते; त्याच्याकडे पुढे येतो.

मोबाइलवर वायफाय चालते यावरून बाहेरून येणारी लाइन आणि राउटर चांगले आहेत एवढेच ठरते. राउटरच्या मागचे ज्या पोर्टात तुमची केबल आहे ते चांगले आहे असे ठरत नाही. म्हणून पहिली चाचणी अशी करा की केबल संगणकाकडे न्यावी त्याऐवजी संगणकच उचलून राउटरशेजारी न्यावा, एक-दीड मीटरची नवी, कारखान्यातून प्लग लागून आलेली केबल राउटरच्या दुसऱ्या पोर्टात लावावी आणि अर्धा तास काम करावे. या अर्ध्या तासात कमांड प्रॉम्प्टमध्ये राउटरच्या पत्त्याला ‘पिंग’ ही कमांड (ती सतत हाक मारून उत्तर येते का ते पाहते) ‘टी’ या पर्यायासह चालू ठेवा, म्हणजे एकही खंड पडला तर ओळीत दिसेल. नेट तुटले नाही, तर दोष जुन्या केबलमध्ये किंवा जुन्या पोर्टात आहे आणि ड्रायव्हरचा विषय तिथेच संपतो. ही चाचणी कंटाळवाणी वाटते, त्यामुळे बहुतेक जण ती टाळतात. पण तिच्याइतके स्पष्ट उत्तर दुसरी कोणतीही चाचणी देत नाही.

या बाबतीत मी स्वतः एक दिवस वाया घालवला आहे. काही वर्षांपूर्वी एका काजू कारखान्याच्या कार्यालयात असाच संगणक होता. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की नेट तुटायचे. मी ड्रायव्हर बदलला, मग विंडोज नव्याने टाकली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. तेव्हा प्रथमच केबल काढून सॉकेटात मोबाइलचा टॉर्च मारला. आत कंगव्याच्या दातांसारख्या आठ सोनेरी तारा शेजारी शेजारी असतात. सात तारा चमकत होत्या आणि तिसरीवर, नेमकी जिथे प्लगची पिन टेकते तिथे, हिरवट पांढरी पूड चढली होती. या तारांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, प्लग काढता-घालताना तो घासला जातो, आणि एकदा खालचा धातू उघडा पडला की खारी दमट हवा त्याला सोडत नाही. तिसरी आणि सहावी तार मिळून एक जोडी होते. त्या जोडीचा संपर्क सुटला की दुवाच तुटतो आणि विंडोज लाल फुली दाखवते. संगणक पूर्ण बंद करून, विजेची वायर काढून, मऊ ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती तार साफ केली, केबलला नवा प्लग दाबून बसवला (क्रिम्प केला), आणि तक्रार थांबली. तुमचे कार्यालय बंदराजवळ आहे असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे टॉर्च मारून पाहण्याचे काम आजच करा, आणि ते दोन्ही टोकांना करा.

केबल कुठून नेली आहे तेही पाहा. आपल्याकडच्या जुन्या चिरेबंदी घरांत केबल बहुधा वाशांवरून, कौलांच्या खालून ओढलेली असते. तिथे उंदीर कुरतडतात, आणि पावसात गळणारे पाणी साल फाटलेल्या जागेतून आत शिरून उताराने थेट प्लगपर्यंत येते. त्यातच पुष्कळ स्वस्त केबलमध्ये तांबे वरवर आणि आत ॲल्युमिनियम असते. ती तार लवकर तुटते आणि ओल लागली की वेगाने खराब होते. खात्रीने शुद्ध तांब्याची कॅट ६ केबल घ्या, एका सलग लांबीची मर्यादा १०० मीटर आहे हे लक्षात ठेवा, आणि भिंतीतून आत येण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी त्या झोळातून ठिबकून जाईल.

केबल अर्धी बिघडली आहे का, हे ओळखण्याची एक खूण सेटिंग्जमध्येच मिळते. नेटवर्कच्या माहितीत ‘लिंक स्पीड’ असते. कार्ड आणि राउटर दोन्ही गिगाबिटचे, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट वेगाचे, असतील तर तिथे १००० दिसायला हवे. १०० दिसत असेल, तर चारपैकी एखादी जोडी गेलेली असण्याची शक्यता मोठी आहे, कारण गिगाबिटला आठही तारा लागतात आणि १०० मेगाबिटला फक्त १, २, ३ आणि ६ या चार पुरतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी काम चालूच राहते, आणि नेटची योजना ५० किंवा १०० मेगाबिटची असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र पुष्कळ साध्या राउटरांची पोर्टेच १०० ची असतात, म्हणून आधी राउटरचा मॉडेल क्रमांक पाहून घ्या. काही जण अशा वेळी कार्डाच्या ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ मध्ये जाऊन वेग हाताने ठरवतात. तसे करू नका. एका बाजूला हाताने ठरवलेला आणि दुसऱ्या बाजूला आपोआप ठरणारा वेग असला की दोन्हींचे डुप्लेक्स (पाठवणे-घेणे एकाच वेळी की आळीपाळीने) जुळत नाही, आणि दुवा दिसतो पण नेट रखडते. ते ‘ऑटो निगोशिएशन’ वरच राहू द्या.

आता कोड १०. दोन्ही वेळा तो सकाळीच, रात्री लाईट येऊन-जाऊन झाल्यानंतर दिसला, हे तुम्ही लिहिले ते फार उपयोगाचे आहे. संगणक बंद असला तरी वायर भिंतीत असेपर्यंत नेटवर्क कार्डाला थोडी वीज मिळत राहते, आणि लाईटच्या झटक्यांमध्ये कार्ड कधी कधी अशा अवस्थेत अडकते की साध्या रीस्टार्टने सुटत नाही. संगणक बंद करा, विजेची वायर आणि नेटची केबल दोन्ही काढा, पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरा, पाच मिनिटे थांबा आणि मग चालू करा. शिवाय विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर जपली जाते आणि सकाळी तीच परत आणली जाते, त्यामुळे ड्रायव्हर नव्याने सुरू होतच नाही. ‘रीस्टार्ट’ मध्ये तसे होत नाही. म्हणूनच रीस्टार्टनंतर चिन्ह गेले असे तुम्हाला दिसले असावे.

हे सर्व करूनही राउटरशेजारी, नव्या केबलवर नेट तुटले, तर मग ड्रायव्हरकडे वळा. तेव्हाही एक चाचणी आधी करा. पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) तयार करून, काहीही इन्स्टॉल न करता, त्यावरून संगणक चालू करा आणि तीच अर्ध्या तासाची पिंग लावा. तिथे नेट अखंड चालले तर कार्ड ठीक आहे आणि दोष विंडोजच्या बाजूला आहे. तिथेही तुटले तर विंडोजचा ड्रायव्हर शंभर वेळा बदलून काही मिळणार नाही.

दोष विंडोजच्या बाजूला निघाला, तर कार्डाची नेमकी ओळख पटवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज, त्यात डिटेल्स, त्यात ‘हार्डवेअर आयडीज’ निवडले की एक लांब ओळ येते. तिच्यातील ‘व्हीईएन’ नंतरची चार चिन्हे कंपनी सांगतात आणि ‘डीईव्ही’ नंतरची चार चिप सांगतात. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. रिअलटेकमध्येच ८१६८ ही गिगाबिटची, ८१३६ ही १०० मेगाबिटची आणि ८१२५ ही अडीच गिगाबिटची चिप आहे. यांचे ड्रायव्हर एकमेकांच्या जागी वापरू नयेत. या क्रमांकावरून संगणकाच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो’ असे सांगणारी सॉफ्टवेअर वापरू नका. चुकीचा ड्रायव्हर बसवून बिघडलेले संगणक मी पुष्कळ पाहिले आहेत. नेटच नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा, असा प्रश्न तुम्ही विचारला आहे. मोबाइल डेटा केबलने संगणकाला जोडा आणि मोबाइलमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. अँड्रॉइड मोबाइल असेल तर विंडोज सहसा वेगळा ड्रायव्हर न मागता त्यालाच नेटवर्क कार्ड म्हणून ओळखते.

तीन वेळा टाकूनही फरक का पडला नाही, याचे कारण बहुधा असे आहे: ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकोनात खूण केली नाही, तर तोच ड्रायव्हर विंडोजच्या साठ्यात राहतो आणि रीस्टार्टनंतर तोच परत बसतो. खूण केली तरी त्याच कार्डाची आणखी जुनी आवृत्ती साठ्यात असू शकते. ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पीएनपीयूटिल’ या कमांडला ‘एनम-ड्रायव्हर्स’ हा पर्याय दिला की साठ्यातील, विंडोजसोबत न आलेल्या, बाहेरून बसवलेल्या ड्रायव्हरांची यादी तारखेसह दिसते. त्यातून नेटवर्क कार्डाच्या जुन्या नोंदी ओळखून काढा, मगच नवा बसवा. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल आणि ‘रोल बॅक ड्रायव्हर’ चे बटण दाबता येत असेल, तर आधी तेच करून पाहा. बसवून झाल्यावर पॉवर मॅनेजमेंटमधील ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ या अर्थाची खूण काढा आणि ॲडव्हान्स्डमधील ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ हा वीज वाचवणारा पर्याय बंद करा. संगणक रिकामा असताना नेट तुटत असेल तर या दोन गोष्टींचा गुण बऱ्याचदा येतो. मोठी फाइल चालू असताना तुटत असेल तर सहसा येत नाही.

एक शक्यता उरते, ती विजेची. पावसाच्या सुरुवातीला गडगडाट झाला होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही. सॉकेटामागे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते १५०० व्होल्टपर्यंतचा फरक सोसतात. जवळ पडलेल्या विजेचा झटका त्यापलीकडे जातो. मग कार्डाची संगणकाकडची बाजू शाबूत राहते आणि केबलकडची जाते. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजर ‘उपकरण व्यवस्थित चालू आहे’ असे सांगत राहतो आणि पोर्टाचा दिवा मात्र नव्या केबलवरही लागत नाही, किंवा वेग १० वर अडकतो. असे झाले तरी मदरबोर्ड बदलण्याची गरज नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जुने कार्ड बंद करा आणि मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेत वेगळे नेटवर्क कार्ड बसवा, किंवा यूएसबी ३ चे लॅन ॲडॉप्टर घ्या; मदरबोर्डच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. जुन्या कार्डाला ठरावीक आयपी पत्ता दिलेला असेल, तर ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करून त्याची नोंद काढा, नाहीतर नव्या कार्डाला तोच पत्ता देताना अडचण येते.

फायबर आल्यापासून अनेकांना वाटते की विजेची भीती गेली. काच वीज वाहत नाही हे खरे, पण राउटरचा ॲडॉप्टर भिंतीत असतो आणि राउटरपासून संगणकापर्यंत तांबेच असते. त्यातून आपल्या कातळावर अर्थिंग नीट मिळणे कठीण. गडगडाट ऐकू आला की विजेची आणि नेटची, दोन्ही वायरी काढून ठेवा, आगोटीच्या (पावसाळ्यापूर्वीच्या) कामांत अर्थिंगची तपासणीही धरा.

सॉकेटाचा टॉर्च मारून काढलेला फोटो, राउटरशेजारच्या चाचणीचा निकाल, लिंक स्पीडचा आकडा आणि हार्डवेअर आयडीची ओळ एवढे कळवा. तोपर्यंत त्या गृहस्थांना मदरबोर्डची आगाऊ रक्कम देऊ नका.