लेझर कटिंग मशीनची प्रोटेक्शन ग्लास (लेन्स वाचवणारी काच) वारंवार का जळते? आणि लेझर सैन्याच्या पैशातून आला हे खरं का?

अर्धं खरं. 1959 मध्ये अमेरिकेच्या आर्पाने (लष्करी संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था) गॉर्डन गूल्डच्या कल्पनेवर टीआरजी कंपनीला सुमारे 10 लाख डॉलर दिले, पण पहिला लेझर 1960 मध्ये थिओडोर मेमनने ह्यूज या दुसऱ्याच कंपनीत चालवला.

आता काच. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या शॉपमध्ये फाउंड्रीची बारीक धूळ असतेच. बदलताना पंखा बंद, हातमोजे घाला, उघड्या खाचेवर लगेच टेप. बोटाचा ठसा किरण शोषून तापतो आणि तिथूनच काळा डाग धरतो. पुसायला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच घ्या. तरी जळली, तर बहुतेक हवेबरोबर कॉम्प्रेसरचं तेल येतंय: लेझर बंद ठेवून नोझलखाली पांढरा कागद धरा, नुसती हवा सोडा. डाग पडला तर आधी फिल्टर बदला, मग काच.