ती वाळकी फांदी राहू द्या
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घराजवळच्या बागेत मी रोज सकाळी फिरायला जाते. 'टुक् टुक् टुक्' असा आवाज सारखा येतो, पण पक्षी काही केल्या दिसत नाही. मैत्रिणी म्हणतात, सुतारपक्षी असेल. तिथल्या गुलमोहराची एक वाळलेली फांदी पावसाळ्याआधी उतरवणार, असं माळीदादा परवा सांगत होते. त्या फांदीला खालच्या अंगाला एक गोल भोक आहे. दुर्बीण घ्यावी का, आणि कोणती?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, दुर्बिणीचं नंतर बघू, आधी ती फांदी वाचवा. तुम्ही ऐकताय तो तांबट आहे आणि ते भोक बहुतेक त्याचंच घर असणार. सुतारपक्षी लाकडावर चोच आपटून आवाज करतो. तांबटाचा आवाज गळ्यातून येतो, एका लयीत, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. बोलताना चोच मिटलेली असते, फक्त गळ्याची कातडी फुगते आणि बसते. शिवाय तो मान इकडून तिकडे वळवत राहतो, म्हणून आवाज कधी डावीकडून तर कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. तुम्ही पानांत शोधत असाल, म्हणून दिसत नाही. झाडाच्या अगदी शेंड्याला, पानं नसलेल्या काटकीवर ऊन पडलेलं असतं, तिथे बघा. चिमणीपेक्षा थोडा मोठा, गुटगुटीत, हिरवा पक्षी. कपाळ लालभडक, डोळ्याभोवती पिवळा रंग, गळ्याखाली लाल पट्टा आणि पोटावर हिरव्या रेघा. वड, पिंपळ, उंबर पिकले की तो तिथे हमखास येतो.

घरटं करायला त्याला मऊ पडलेलं लाकूडच लागतं. जिवंत आंब्याच्या खोडात त्याची चोच चालत नाही. तिरक्या वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूने तो कोरतो, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. आमराईत मी हे काम जवळून पाहिलं आहे. अर्धं अंग आत, शेपटी बाहेर, आणि थोड्या वेळाने चोचभर भुसा घेऊन मान बाहेर काढायची नि झटकून टाकायची. खाली पायवाटेवर पिवळसर भुशाचा सडा पडला होता, येणारे-जाणारे तुडवून जात होते. तुमच्या फांदीखालीही असा ताजा भुसा दिसतो का, ते बघा. पिल्लं मोठी होऊन गेली तरी रात्री झोपायला तांबट अशी भोकं वापरतो. त्याने सोडलेल्या जागेत पुढे दुसरे पक्षीही येतात. दयाळ अशा ढोलीत घरटं करतो.

माळीदादांशी आपुलकीने बोला. फांदी बाकावर किंवा वाटेवर लोंबत असेल तर त्यांची काळजी खरी आहे, कुणाच्या डोक्यात पडायला नको. तसं असेल तर खालचं बाकडं हलवता येतं का, किंवा भोकाच्या पुढचा भाग तेवढा छाटून बाकीची फांदी ठेवता येते का, हे विचारा. वीण उरकेपर्यंत तरी थांबा म्हणा. ऐकलं नाही तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला फोटोसह लेखी कळवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्याला धक्का लावणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं, एवढं एक वाक्य अर्जात जरूर लिहा. उद्यान नीटनेटकं दिसावं म्हणून प्रत्येक वाळकी काडी उतरवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दुर्बीण घ्यायची तर ८ × ४२ घ्या. आठ पट जवळ दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असल्याने सकाळच्या कमी उजेडातही रंग कळतात. दहा पटीची हातात हलते, नवख्या माणसाला त्रास होतो. पण त्याआधी आठवडाभर चालणं थोडं कमी करून एकाच झाडाखाली अर्धा तास बसून बघा. आणि मैत्रिणींना सांगा, पक्ष्यांना शेव-फरसाण टाकू नका. उन्हाळ्यात मातीच्या उथळ परळात पाणी ठेवा, रोज बदला, तेवढं पुष्कळ झालं.

प्रश्न : मी दहावीत आहे. पक्षी सप्ताहासाठी कृष्णेच्या घाटावर पक्षी बघायला जावं का?
– एक विद्यार्थी, गावभाग, सांगली

उत्तर : जरूर जा. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, या दोन तारखांमधला हा सप्ताह. तोवर पाऊस सरलेला असतो आणि धोबी पक्षी पाहुणे येऊन पोचलेले असतात. काठावर शेपटी हलवत फिरणारा तोच. खंड्या, वंचक, पाणकावळे तर बाराही महिने आहेत. आयर्विन पुलावरून खाली बघितलंस तर पात्र छान दिसतं. पाण्याच्या कडेला मात्र उतरू नकोस, बाळा. आपल्या कृष्णेत मगरी आहेत, आणि थंडीत त्या ऊन खायला काठावर येतात. घाटाच्या वरच्या पायरीवर बस, बरोबर मोठं माणूस असू दे. वहीत तारीख, वेळ आणि पक्षी काय करत होता ते लिही. नाव नंतर शोधता येतं.